हौसाबाईंनी मला आगळ पाजलं

मित्रांनो, गोष्ट ऐकायला बसणार असाल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा. मी एक जुना रेडिएटर आहे. आता मला कितीही हुंगलंत तरी वास येणार नाही, पण माझी गोष्ट मात्र वास मारते. त्याला माझा इलाज नाही. जे पोटात ओतलं गेलं तेच बाहेर सांगणार.

रेडिएटर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माणसं वर्षानुवर्षं ट्रक चालवतात आणि आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ट्रकच्या अगदी पुढे, जाळीच्या मागे, मी उभा असतो. इंजिन तापलं की त्याचं उकळतं पाणी माझ्याकडे येतं. माझ्या वरच्या टाकीतून ते बारीक बारीक नळ्यांत उतरतं, समोरून येणाऱ्या वाऱ्याने निवतं आणि खालच्या टाकीतून परत इंजिनाकडे जातं. म्हणजे दुसऱ्याचा ताप आपल्या अंगावर घ्यायचा, हा माझा धंदा. माझ्या नळ्या तांब्याच्या, टाक्या पितळेच्या, आणि हे सगळं कथील-शिशाच्या डाखाने जोडलेलं. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी असा झळाळत होतो की देवघरात ठेवला असता तरी शोभलो असतो. अशा जन्माच्या जिवाला स्वच्छतेची आवड असणारच. ती मला फार महागात पडली.

ज्या ट्रकवर मी होतो तो मालवणच्या विठोबाने जुन्या बाजारातून घेतला. ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. विठोबा बंदरावरची मासळी घेऊन घाट चढायचा आणि कोल्हापूरच्या बाजारात उतरवायचा. मागे हौद्यात बर्फाची एक मोठी लाकडी पेटी होती आणि तिच्यात मासळीच्या लहान पेट्या बर्फात रचलेल्या असायच्या. मासळीचा वास मला कधीच आवडला नाही, पण विठोबाचा स्वभाव आवडला. तो मला गोड्या विहिरीचं पाणी पाजायचा, तेही जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून. माझ्या नळ्यांमधल्या पातळ पापुद्र्यांत अडकलेले टोळ आणि चतुर तो माडाच्या झावळीच्या हिराने एकेक करून काढायचा. शेजारी हसायचे. तो म्हणायचा, "गाडयेचा पोट बरां तर आमचा पोट बरां."

विठोबा तापाने गेला आणि माझे दिवस फिरले.

गाडी त्याच्या बायकोकडे, हौसाबाईंकडे आली. हौसाबाई म्हणजे मालवणच्या मासळी बाजारातलं मोठं प्रस्थ. कपाळ मोकळं झालं तरी मान खाली गेली नाही. "हौसाबायची मासळी" म्हटलं की कोल्हापूरचे व्यापारी पेटी न उघडता घ्यायचे, कारण शिळा मासा त्यांनी कधी कोणाच्या गळ्यात मारला नव्हता. हेच नाव त्यांची शेती, हेच त्यांचं सोनं. त्या नावाला धक्का लागू नये म्हणून त्या जिवाचं रान करायच्या. गाडी मात्र त्यांच्या लेखी चार चाकांची होडी होती. होडीला कोणी पाणी पाजतं का?

गाडी चालवायला शिवा होता. विठोबाच्या वेळेपासूनचा, सरळ, कमी बोलणारा. तो माझ्याकडे लक्ष द्यायचा, पण वाटेत जे पाणी मिळेल ते घालण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. मित्रांनो, काय काय प्यायलो म्हणून सांगू! म्हशी डुंबतात त्या तळीतलं पाणी प्यायलो. शेवाळ प्यायलो. एकदा तर बादलीतून बेडूकमासे आले आणि ते माझ्या पोटात शिजले.  बाहेरून पापुद्र्यांत चिखल, शेणाचे शिंतोडे, मेलेली फुलपाखरं, आणि टपावर बसलेल्या हमालांच्या पानाच्या पिचकाऱ्या. आत क्षाराचे थर चढले, नळ्या बुजत चालल्या. मी धापा टाकायला लागलो.

शिवाने हौसाबाईंना सांगितलं, "वहिनी, रेडिएटर आतून भरलो हा. कुडाळाक न्हेवन धुवन घेवक व्हयो."

हौसाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला नीट बघितलं. नखाने वरचा चिखल खरवडला आणि खाली तांबं दिसलं.

"अरे, ह्यो तर तांब्याचो!" त्या म्हणाल्या. "तांबा धुवक कुडाळाक कशाक जावक व्हया? घरात आगळ आसा मां!"

आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आमच्याकडे घरोघरी बरण्या भरलेल्या असतात. आमच्याकडच्या बायका तांब्याची कळशी, देवाचा तांब्या कोकमाने घासतात आणि तो असा लखलखतो की तोंड बघून घ्यावं. हौसाबाईंच्या घरची भांडी तर साऱ्या वाडीत नावाजलेली. तेव्हा त्यांच्या डोक्यात ते येणं साहजिकच होतं.

"वहिनी, ह्यां भांडां न्हय," शिवा म्हणाला.

"गप रे! माका तांबा शिकवतंस?"

आणि त्यांनी बरणी आणली. जांभळं, आंबट, मिठाने दाट झालेलं आगळ माझ्या तोंडात ओतलं, वर पाणी घातलं आणि इंजिन चालू ठेवायला लावलं. मित्रांनो, ती आंबट वाफ! माझ्या नळ्यानळ्यांतून ती चढली, क्षाराचे थर सुटले आणि खालचा नळ सोडला तेव्हा काळंजांभळं, लिबलिबीत असं काही बाहेर पडलं की अंगणातली कुत्री उठून गेली. माझीच मला शिसारी आली. पण खोटं कशाला बोलू, छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं. आता गोड्या पाण्याने खळखळून धुतलं असतं तर मी हौसाबाईंचे पाय धरले असते.

पण त्यांनी एक कळशी वरवर फिरवली आणि उरलेलं आगळ परत माझ्यात घातलं!

"ह्यां कशाक वहिनी?" शिवा घाबरून म्हणाला.

"माणसाक उष्णता झाली तर आपण काय दितंव? आगळ. गाडयेक पण उष्णताच झाली हा. थोडां आत ऱ्हवांदे. गुण येतलो."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. इंजिनाला पित्त झालंय असं समजून मला सोलकढीचा खुराक सुरू झाला. शिवाने दोनदा सांगून बघितलं, मग गप्प बसला. मालकिणीपुढे किती बोलायचं?

गंमत अशी की गुण आलासुद्धा. सुटलेल्या नळ्यांतून पाणी मोकळं फिरू लागलं आणि गाडी घाटात थंड राहिली. मग काय विचारता! हौसाबाई बाजारात ज्याला त्याला सांगत सुटल्या, "मिस्त्री काय करतलो? मी माझ्या हातान धुतलंय रेडिएटर." बाकीच्या बायका माना डोलवायच्या. मी मात्र आतल्या आत कुरतडला जात होतो. आंबटाने मळ काढला, पण पोटात राहिलेलं मीठ आता माझा डाख खात होतं. टाकीच्या सांध्यावर हिरवा-पांढरा कीस जमू लागला, जखमेवर पू धरावा तसा. त्याची मला इतकी घाण वाटायची की माझं अंग माझं वाटेना.

मग तो दिवस आला. सुरमई, बांगडे आणि मिठबावची टपोरी कोळंबी भरून गाडी फोंड्याचा घाट चढत होती. ऊन मी म्हणत होतं. मधल्याच एका वळणावर माझा वरचा सांधा फुटला आणि पाण्याची चिळकांडी उडाली. शिवाने गाडी कडेला घेतली. सांध्यावर साबण थापला, वर चिंधी बांधली. पण आत घालायला पाणी कुठे? त्या दिवसांत झरे आटलेले. खाली दरी, वर कातळ.

शिवा हौद्यात चढला. बर्फाची पेटी उघडली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. बर्फ काढावा तर मासळी जाणार. न काढावा तर गाडी इथेच राहणार आणि मासळी जाणारच. शेवटी त्याने मी निवण्याची वाट पाहिली आणि बर्फाचं पाणी मला पाजायला सुरुवात केली.

ते पाणी कसलं होतं ते ऐका. पेट्यांतून निथळलेलं, माशांच्या रक्ताने लालसर, खवल्यांनी भरलेलं, कोळंबीच्या मिशा तरंगत असलेलं. झळाळत्या कारखान्यात जन्मलेल्या माझ्यासारख्याच्या घशाखाली ते उतरलं. मी उकळलो की ते उकळायचं, आणि माझ्या तोंडातून जी वाफ निघायची तिने शिवाचेही डोळे मिटायचे. चार वळणं चढायची, थांबायचं, पुन्हा बर्फ. असं करत गाडी कोल्हापूरला पोचली तेव्हा बाजार उठला होता आणि पेटीत बर्फाचा खडाही नव्हता. व्यापाऱ्याने पहिल्यांदाच हौसाबाईंची पेटी उघडून बघितली. नाकाला रुमाल लावला आणि मान हलवली.

शिवाने एकही मासा दुसरीकडे खपवला नाही. सगळा माल परत आणला.

मालवणच्या बाजारात गाडी उभी राहिली तेव्हा वास आमच्या आधी पोचला होता. हौसाबाई पेटीवर चढल्या, आत बघितलं आणि खाली उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही.

"बर्फ खंय गेलो रे शिवा?"

"गाडी तापली, वहिनी. बर्फ रेडिएटरात घातलंय."

"खोटा बोला नको! रेडिएटर मी माझ्या हातान धुतलंय. तो तापतलोच कसो? घाटातल्या सोडावाल्याक इकलस बर्फ!"

"उघडून बघा, वहिनी."

"काय बघू? चोर तो चोर, वर शिरजोर!"

चोर. भर बाजारात, साऱ्या कोळणींपुढे, व्यापाऱ्यांपुढे. विठोबाच्या वेळेपासूनच्या माणसाला. शिवाने डोक्याची टोपी काढली, गाडीची चावी बॉनेटवर ठेवली आणि चालता झाला. मी जाळीमागून त्याची पाठ बघत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर चोरही कोणी नव्हता. सगळं सत्य माझ्या पोटात सडत होतं. माझ्या तोंडावर झाकण होतं, ते फक्त फिरवायचं होतं. कोणी फिरवलं नाही. इतक्या घाणीने मला आली नव्हती एवढी किळस त्या दिवशी माणसांची आली.

सडलेली मासळी हौसाबाईंनी माडांच्या मुळाशी पुरली. विकली नाही, हे खरं. पण माणूसही असाच पुरून मोकळ्या झाल्या.

बाबली नावाचा नवा ड्रायव्हर आला. त्याने माझ्या सांध्यावर बघितलंसुद्धा नाही. गळती थांबावी म्हणून मूठभर हळद आत टाकली. माशांचं कालवण झालंच होतं, आता हळदही पडली. फोडणी तेवढी राहिली होती. पुढच्या खेपेला ड्रायव्हर बर्फ विकतात म्हणून हौसाबाई स्वतः गाडीत बसल्या. गाडी मालवण सोडून बाहेर पडली, आणि घाट राहिला दूर, कट्टा गावच्या चढावरच मी फसफसून उकळलो.

बाबली उतरला, झाकणाकडे बघितलं आणि सरळ हौद्याकडे निघाला.

"खंय चल्लंस?" हौसाबाईंनी विचारलं.

"बर्फ हाडतंय. हयसर पाणी खंय गावतला?"

हौसाबाई उतरून हौद्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. त्यांनी त्याला बर्फाला हात लावू दिला नाही. मासळी तिथल्या तिथे मिळेल त्या गाडीत चढवून दिली आणि आम्हाला दुसऱ्या ट्रकने ओढत कुडाळला रामचंद्र मिस्त्रीकडे नेलं. 

मिस्त्रीने मला गाडीवरून उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझी वरची टाकी डाख वितळवून पूर्ण उघडत होतं. मला लाज वाटत होती आणि तरी मी मनात म्हणत होतो, उघड बाबा, लवकर उघड. ज्या घाणीला मी आजवर नाक मुरडत आलो ती आज जगाला दिसावी असं मला पहिल्यांदाच वाटलं.

टाकी निघाली. मिस्त्री तोंडातलं पान थुंकला आणि उलटा फिरला. बाबली तर रस्त्यापलीकडे गेला. आत पिवळाजर्द चिखल होता, आणि त्यात खवलेच खवले. नळ्यांच्या तोंडाशी कोळंबीच्या मिशांचा गुंता बसला होता. सांध्यावर तो हिरवा-पांढरा कीस.

"कोणा गाढवान मीठ घातल्यान ह्येच्यात?" मिस्त्री ओरडला. "सगळो डाख खाल्ल्यान!"

हौसाबाई खाली वाकल्या. नाकाला पदर लावला नाही. दोन बोटांनी एक खवला उचलला आणि उन्हात धरून बघितला. मासळीत जन्म गेलेल्या बाईला तो कशाचा ते विचारावं लागलं नाही.

"मी घातलंय," त्या म्हणाल्या.

मिस्त्री ओशाळला. त्याने नवा रेडिएटर बसवायला घेतला आणि मला धुवायला पाण्याची नळी ओढली. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते गोडं, स्वच्छ पाणी माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

"धुव नको," हौसाबाई म्हणाल्या. "असोच दी."

"बाये, वास मारता हो!"

"मारांदे."

मला पोत्यात गुंडाळून गाडीत टाकलं. मालवणला पोचल्यावर गाडी घरी न जाता बंदरापलीकडे माडांच्या बागेत शिवाच्या घरापाशी थांबली. शिवा घरापुढच्या खळ्यात बसून कोणाचं तरी जाळं सांधत होता. गाडी सुटल्यापासून तो किनाऱ्यावर दुसऱ्यांच्या रापणीची मोठी जाळी ओढायला जात होता. हौसाबाईंनी मला त्याच्यापुढे ठेवलं आणि पोतं काढलं. त्याची बायको सुभद्रा नाकाला पदर लावून दारातून आत पळाली.

"शिवा, तू बोललस ता खरा होता," हौसाबाई म्हणाल्या. "माझा चुकला."

शिवाने माझ्याकडे बघितलं. खवले बघितले. जाळं बाजूला ठेवलं नाही.

"वहिनी, चोर म्हणालात ता बाजारात," तो हळूच म्हणाला. "हय माझ्या खळ्यात सांगान काय उपेग?"

हौसाबाई मला उचलून परत गेल्या. मला वाटलं, संपलं. मानी बाई आहे, आता मला भंगारात देणार आणि विषय मिटवणार. कोणीही तेच केलं असतं.

सकाळी होड्या लागल्या, बाजार भरला, आणि हौसाबाई आपल्या जागेवर आल्या. जिथे रोज त्यांची ताजी सुरमई मांडलेली असायची तिथे त्यांनी मला मांडलं. उघडा, बरबटलेला, घोंघावणाऱ्या माशांसकट. मासळी बाजारात नाक धरलेलं माणूस तुम्ही कधी बघितलंय का? त्या दिवशी साऱ्या बाजाराने धरलं.

"हौसाबाय, शी! ह्यां काय हाडलंस गो?" शेजारची गंगू किंचाळली.

"वास घेवा," हौसाबाई मोठ्याने म्हणाल्या. "सगळ्यांनी घेवा. ही घाण माझी आसा. रेडिएटराक आगळ मी घातलंय, तो फुटलो माझ्यामुळे. शिवान बर्फ इकूक नाय. शिवान माझी गाडी घाटातसून हाडली. मी त्येका हयच चोर म्हटलंय, आणि हयच सांगतंय, मी खोटा बोललंय."

 लिलाव करणाऱ्याचाही आवाज थांबला. हौसाबाई माझ्याशेजारून हलल्या नाहीत.

शिवा तिथेच होता. रापणीचे मासे घेऊन आला होता. तो गर्दीतून पुढे आला, माझ्याकडे बघून त्याने तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "वहिनी, उचला आता ता. मासळेक वास लागतलो."

एका बाजूने त्याने धरलं, एका बाजूने हौसाबाईंनी. दोघांनी मला विहिरीवर नेलं आणि शिवाने कळशीमागून कळशी माझ्यावर ओतली. पाणी गोडं होतं. खवले गेले, हळद गेली, वास गेला. नळ्या विरून गेल्या होत्या, त्यामुळे कामाचा मी राहिलो नाही, पण स्वच्छ झालो. हौसाबाईंनी मला भंगारात घातलं नाही. त्यांच्या अंगणात गाडी उभी राहते तिथे एका माडाला टेकवून ठेवलं. अजून तिथेच आहे.

शिवा परत गाडीवर आला. नवा रेडिएटर फक्त विहिरीचं पाणी पितो. मी बघतो आणि मला हेवा वाटतो. कोल्हापूरचे व्यापारीही हळूहळू परत पेटी न उघडता माल घेऊ लागले, असं हौसाबाई सांगत असतात.

पण एक गोष्ट मी रोज पहाटे बघतो. आल्या आल्या पहिल्याच दिवशी शिवाने बर्फाच्या पेटीला कडी ठोकली आणि कुलूप घातलं. पेटी भरून झाली की तो कुलूप लावतो आणि चावी हौसाबाईंपुढे धरतो.

"अरे, तुझ्याकडेच ऱ्हवांदे," त्या म्हणतात.

"नको, वहिनी. तुमच्याकडेच बरी," तो म्हणतो. रागाने नाही, अगदी साधेपणाने.

कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडे त्यांनी दुसरी चावी देऊन ठेवली आहे. मधल्या वाटेत शिवाच्या हाताशी चावी नसते. हौसाबाई ती चावी घेतात, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत मुठीत धरून उभ्या राहतात. मग पदराने डोळे पुसून घरात जातात.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या यंत्रांना गाळलेलं पाणी पाजा, अंगावरचा चिखल काढा, औषध द्यायच्या आधी रोग काय ते बघा. एवढं केलंत तर आम्ही जन्मभर तुमचा ताप घेऊ. आणि कोणी माणूस "उघडून बघा" म्हणाला तर कितीही घाण वाटली तरी त्याच वेळी उघडून बघा. माझ्या पोटातली घाण एका सकाळी विहिरीच्या पाण्याने गेली. ती चावी अजून रोज हौसाबाईंच्या हातात येते.